साठ मीटर

बेयनेऊच्या पुढे डांबर संपतं, पण सांगून नाही.
आधी रस्त्यात खड्डे, मग खड्ड्यांत रस्ता,
मग नुसती चाकोऱ्यांची वेणी, सतरा पेडांची,
प्रत्येक पेड वेगळ्या ट्रकवाल्याला सुचलेला.
मी त्यातला शहाणा दिसणारा धरला.
अडीच वाजता त्यानं मला खाऱ्यात नेऊन सोडलं.

खारं म्हणजे मिठाची साय.
वर पापुद्रा, भाजलेला, कडक,
खाली काळा लगदा, मेलेल्या समुद्राच्या वासाचा.
गाडी थबकली, मग सावकाश बसली
म्हैस बसते तशी, फक्त मागचे पाय आधी.

पेट्रोलचे दोन्ही डबे उतरवले. तंबू उतरवला.
भांडी, साखळीचं तेल, सुटी ट्यूब.
गाडी हलली नाही.
पाणी मोजलं: साडेअकरा लिटर.
पुन्हा मोजलं. तेवढंच.

उन्हं कलताना एक उंट आला,
त्याच्यामागे येरसाइन, वय बारा, पायांत बापाचे बूट.
गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
उंटाच्या कानात काहीतरी बोलला,
ते आम्हां दोघींविषयी असणार.
उंटानं मान खाली घातली आणि चालू लागला.
एकशे नव्वद किलो लोखंड चिखलातून सुटलं
भिजलेल्या वालाचं साल सुटतं तसं,
सुळकन.

रात्री त्यांच्या घरामागे तंबू ठोकला.
त्याच्या आत्यानं, अक्बोपेनं, शुबात दिलं.
उंटिणीचं आंबलेलं दूध:
पहिला घोट जीभ नाकारते, दुसरा मागून घेते.
कुठून आलीस? हातानं दाखवलं.
कुठे निघालीस? तेही दाखवलं.
कशाला?
इथे हात पुरला नाही.

पहाटे आवाजानं जागी झाले.
टू-स्ट्रोक. फट्, फट्, मग खोकला, मग फटफट.
कुणीतरी निघालं म्हणून तंबूतून डोकं काढलं.

विहिरीच्या काठावर एक इझ उभी,
सोव्हिएत काळातली, टाकीचा रंग पार विटलेला.
पुढचं चाक नाही. चौकट दगडांत गाडलेली.
मागच्या चाकाला टायर नाही, रिमवर दोर.
अक्बोपेनं क्लच सोडला.
दोर गुंडाळत गेला, गुंडाळतच गेला.
मी बूट घातले, नाड्या बांधल्या,
तरी पोहरा येतच होता.
मग आला, रबराचा, चहूकडून गळत, तरी भरलेला.

"साठ मीटर," येरसाइन म्हणाला. "रोज चाळीस खेपा."
उंट ओळीत उभे, कुणी घुसत नव्हतं.

गाडी तिच्या नवऱ्याची.
त्याला कास्पियनचं पाणी बघायचं होतं.
एकदा निघाला तर उंटीण अडली,
एकदा वाळूचं वादळ आलं.
तिसऱ्या वेळी गेला तो गाडी न घेता,
एकोणीस वर्षांपूर्वी, ताप आला होता.
टायरचे अक्बोपेनं चपलांचे तळ केले.

मला हिशेबाची खोड आहे.
साठ खाली, साठ वर, चाळीस वेळा,
गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले एकोणीस:
तेहतीस हजार किलोमीटर, थोडे जास्तच.
माझ्या मीटरवर एकतीस हजार चारशे.
आणि मी तर सगळे आडवेच गेले.

इझचा प्लग काढून दातांच्या ब्रशनं घासला.
खोकला कमी झाला, गेला नाही.
तिनं माझ्या बाटल्या भरल्या. पैसे नको म्हणाली.
पेट्रोलचा एक डबा मात्र
विचारलासुद्धा नाही, सरळ उचलला.

डावीकडून चौथी चाकोरी, तिनं बोटानं सांगितलं.
मी मोजत निघाले.
टेकाडापलीकडे तिसरी आणि चौथी एकच झाल्या.
थांबून पाणी प्यायले.
रबराची चव होती. अजून आहे.